तोकिचीचा कबुलीजबाब

आयर्लंडातल्या एनिस गावाला मराठी घरं एकोणीस. त्या एकोणीस घरांत योगिनी गावंडेला ओळखत नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडे, मोदकांचा हिशोब तिच्याकडे, कुणाच्या सासूला दवाखान्यात दुभाषी हवी असली तरी फोन तिलाच. बाई हुशार, बोलायला गोड, आणि कामाला वाघ. आणि वर्षभरापासून तिला आणखी एक नाव पडलं होतं, जपानवाली.

आता कुणीही विचारेल, की बाई गं, तू अकोल्याची, नोकरी आयर्लंडातल्या औषधाच्या कारखान्यात, आणि रहस्यकादंबरी लिहितेस ती तीनशे वर्षांपूर्वीच्या जपानातली? हा काय प्रकार आहे? तर त्याला कारण होतं. पुण्याच्या जुन्या कंपनीने तिला एकदा तीन महिने जपानला ट्रेनिंगला धाडलं होतं. एका रविवारी करायला काही नव्हतं म्हणून ती किल्ल्याशेजारच्या लहानशा संग्रहालयात शिरली, आणि तिथे काचेखाली तिने एक पिवळा पडलेला कागद पाहिला. सरंजामी काळातला कबुलीजबाब. खाली आरोपीची सही नव्हती, शाईत बुडवलेल्या अंगठ्याच्या नखाची खूण होती, एवढीशी. तिथल्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की त्या काळी गुन्हेगाराने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्याशिवाय सहसा शिक्षा होत नसे. ऐकायला किती छान! पण त्यामुळेच कबुली काढायला काय वाट्टेल ते करत. तो कागद तिच्या डोक्यातून गेला नाही.

दुसरं कारण ती हसत हसत सांगायची. "शिवकाळ घेतला, पेशवाई घेतली, की कुणाचा ना कुणाचा खापरपणजोबा दुखावतो. जपानचा खापरपणजोबा आपल्या मंडळात कुणाचाच नाही."

तर कादंबरीचा नायक हेइमोन. हलक्या दर्जाचा सामुराई, कोतवालीत कारकून, तलवार गंजलेली पण डोकं तेज. गावातल्या औषधशाळेत सरदारासाठी काढा उकळत असतो, तो बिघडतो, आणि भट्टी सांभाळणारा म्हातारा तोकिची पकडला जातो. तोकिची कबूलही करतो. वरचे सगळे म्हणतात, सुटलो, आता लाव नखाची खूण. एकटा हेइमोन म्हणतो, "कबुली इतक्या सहज मिळाली, म्हणूनच मला शंका येते."

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला योगिनी एक प्रकरण वाचायची. पहिलं दिवाळीला वाचलं होतं, शेजारच्या लिमरिक शहरातल्या हॉलमध्ये. सातवं वाचलं ते यंदाच्या गणपतीला. त्या प्रकरणात तोकिचीचा कबुलीजबाब होता. तोकिची म्हणतो: "मी ऐकलं असेलही. नाही, ऐकलंच असणार. तुम्ही म्हणता भांडं शिट्टी मारत होतं, तर मारत असणारच. माणूस कधी कधी उभा असतो एका जागी आणि असतो भलतीकडेच. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. भात चुलीवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत उभी राहायची, उतू जाईपर्यंत."

हॉलमध्ये कुणी खुर्ची सरकवेना. वाचून झालं तेव्हा टाळ्या थांबेनात. स्वरूपा, म्हणजे मंडळाची खजिनदार, डोळे पुसत आली आणि तिने योगिनीला मिठीच मारली. "अगं, काय तो तोकिची! किती खरा वाटतो गं!"

खरा वाटणारच. तो खराच होता. त्याचं नाव मॉसी कॉन्सिडाइन, वय सत्तावन्न, आणि ते शब्द त्याने फेब्रुवारीत योगिनीसमोर बसून उच्चारले होते. तिने फक्त दुधाच्या जागी भात केला होता.

योगिनी हसली, "थँक्यू गं" म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. आरशात स्वतःचं तोंड बघवेना तिला.

आता हे काय झालं होतं ते नीट सांगतो.

योगिनीचं काम कारखान्यातल्या चुकांचा तपास करण्याचं. औषधाच्या कारखान्यात पान हललं तरी लिहावं लागतं. काही चुकलं, की का चुकलं याचा अहवाल तीस दिवसांत बंद झाला पाहिजे. चौकशी करायची, माणसांशी बोलायचं, कारण शोधायचं, सह्या घ्यायच्या. नऊ वर्षं ती हेच करत होती आणि उत्तम करत होती.

मॉसी टाक्यांच्या खोलीतला सगळ्यात जुना माणूस. योगिनी नवीन आली तेव्हा कुठला व्हॉल्व्ह खोटं बोलतो आणि कुठल्या गेजवर विश्वास ठेवायचा, हे तिला त्यानेच शिकवलं. तो तिला "डॉक्टर" म्हणायचा, ती डॉक्टर नसताना. त्याचा कान असा, की पंपाच्या आवाजावरून सांगायचा, "याचं सील आठवड्याभरात जाणार." आणि जायचं! तिची लेक शिवांगी लहान असताना तिला हर्लिंग या तिथल्या खेळाची पहिली काठी त्यानेच आणून दिली, तिच्या उंचीला कापून.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी थंड टाकीतलं औषध चाळीस मिनिटं तापत राहिलं. ड्यूटीवर मॉसी होता. त्याला पत्ता लागला नाही. अख्खा माल टाकून द्यावा लागला. कॉम्प्युटरच्या नोंदीत स्वच्छ दिसत होतं, दहा वाजून बारा मिनिटांनी धोक्याचा इशारा आला. इशारा आला म्हणजे भोंगा वाजला, भोंगा वाजला तर मॉसीने ऐकायला हवा होता.

योगिनीने त्याला बोलावलं. तो टोपी मांडीवर ठेवून बसला, शाळेतल्या पोरासारखा. "भोंगा वाजला होता, मॉसी. नोंद आहे. तू ऐकून तुझ्या लक्षात आलं नाही, असं होऊ शकतं का?" आणि मॉसी, भला माणूस, म्हणाला, "आय सपोज, होऊ शकतं." मग ते सगळं बोलला. उभा असतो इथे आणि असतो भलतीकडेच. आई. दूध. योगिनी वहीत टिपत गेली.

सव्विसाव्या दिवशी तिने सहज त्या टाकीच्या सेटिंग्ज उघडल्या. त्या टाकीच्या भोंग्यापुढचा चौकोन रिकामा होता. भोंगा बंद! नोव्हेंबरात सॉफ्टवेअर बदललं तेव्हा चाचणीसाठी बंद केला होता, तो पुन्हा कुणी सुरूच केला नव्हता. इशारा पडद्यावर लाल झाला असेल, कोपऱ्यात, पण खोलीत आवाज असा झालाच नव्हता. मॉसीने ऐकायचं काय, कप्पाळ?

तिने नोव्हेंबरचा कागद काढला. "भोंगा खोलीत प्रत्यक्ष वाजवून पाहिला: होय." तपासणाऱ्याची सही, योगिनी गावंडे.

तो शुक्रवार तिला लख्ख आठवला. त्या खोलीत जायचं तर पांढरा वेश, टोपी, मास्क, दोनदा हातमोजे, वीस मिनिटं जातात. संध्याकाळी लिमरिकला दिवाळीचा कार्यक्रम होता, साडी गाडीत होती, पहिलं प्रकरण वाचायचं होतं. आतापर्यंत सगळे भोंगे वाजलेच होते. तिने टेबलावर बसून "होय" लिहिलं आणि निघाली.

आता इथे एखादी सरळ बाई काय करेल? उठेल, साहेबाच्या केबिनमध्ये जाईल आणि सांगेल. योगिनी उठली, चहा घेऊन आली, आणि पुन्हा बसली. वसंत ऋतूत सरकारी तपासनीस येणार होते. तिचं मॅनेजरपद तोंडावर होतं. आणि हातात तयार कबुली होती. तिने अहवालात लिहिलं: "इशारा वाजूनही आपल्या लक्षात आला नाही, असे ऑपरेटरने मान्य केले आहे. मूळ कारण: मानवी चूक." आई गाळली, दूध गाळलं, त्यांचं अहवालात काय काम! आणि खाली एक हुशारीची ओळ घातली, "खबरदारी म्हणून सर्व भोंगे एकदा तपासावेत." त्या ओळीने भोंगा गुपचूप सुरूही झाला. कुणी विचारलं नाही. मॉसीने अहवाल न वाचताच सही केली. "यू'र ग्रँड, डॉक्टर, काही काळजी नको. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही बाई मंडळात उभी राहून हेइमोनच्या तोंडून न्यायाच्या गप्पा मारत होती. आणि त्याहून नीच गोष्ट म्हणजे, जे शब्द तिने अहवालातून गाळले ते वाया जाऊ नयेत म्हणून कादंबरीत वापरले. तिला ते कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. आणि तरी लिहिताना मनात म्हणाली होती, काय सुंदर बोलला हा माणूस!

गणपतीनंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये एक मोठं कार्ड फिरत होतं. "मॉसीला, तुझ्या निवृत्तीसाठी." योगिनीच्या हातात पेन आलं आणि ती तशीच उभी राहिली. मॉसी रिटायर? अजून निदान आठ वर्षं तो नक्की राहणार होता. त्याचं टाक्यांच्या खोलीतलं काम मार्चमध्येच काढून घेतलं होतं आणि त्याला खोके मोजायला गोदामात टाकलं होतं, हे तिला माहीत होतं. पण तो हसत असायचा, तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, की बरंच आहे, काम हलकं झालं त्याचं.

तो कोपऱ्यात एकटा सँडविच खात होता. ती समोर जाऊन बसली. "मॉसी, का रे?"

"कान तपासले दोनदा," तो म्हणाला. "कान उत्तम आहेत, पोरासारखे, म्हणे. म्हणजे कानात काही नाही." त्याने बोट डोक्याला लावलं. "म्हणजे इथे. आई साठीला गेली होती त्यात. मी पुढचं बघून ठेवलेलं बरं. गाडी सोडली आहे मी. उद्या कुणाचं मूल रस्त्यात आलं आणि मी असा उभ्या उभ्या कुठे गेलेला असलो तर?" मग तिचा चेहरा बघून तोच तिला म्हणाला, "अगं, तू नको वाईट वाटून घेऊस. तू तेव्हा चांगली वागलीस माझ्याशी. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं."

योगिनीने कार्डावर काय लिहिलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही.

संध्याकाळी घरी आली तर तिचे वडील सोफ्यावर कादंबरीचे छापील कागद घेऊन बसले होते. सुभाषराव जुलैपासून लेकीकडे आले होते. नोकरी पोलिसात, अकोला जिल्ह्यात, हुद्दा हेड कॉन्स्टेबल, पण ठाण्यात सगळे त्यांना रायटर म्हणत. ठाण्याचा रायटर म्हणजे पंचनामे आणि जबाब लिहिणारा माणूस. तीस वर्षं लोक बोलत गेले आणि सुभाषराव लिहीत गेले. एनिसला आल्यापासून रोज फर्गस नदीच्या काठाने फिरायचं आणि दुपारी जपान वाचायचं, एवढाच त्यांचा उद्योग. हेइमोनवर तर त्यांचा जीव जडला होता. "लय डोक्याचा माणूस हाय," म्हणायचे.

आज ते कागद मांडीवर घेऊन तिची वाट बघत होते. तिने चहा दिला तेव्हा चष्मा काढून म्हणाले, "योगे, बस इथं. हा तोकिची कोण हाय?"

"कोण म्हणजे? भट्टीवाला."

"ते झालं कादंबरीतलं. मी खऱ्याचं विचारतो."

"बाबा, ती गोष्ट आहे. कल्पना."

"अवं, मले शिकवते काय?" सुभाषरावांनी कागदावर बोट ठेवलं. "म्या तीस वर्षं जबाब लिवले. रचलेला जबाब मले वासावरून समजते. रचणारा माणूस कामाचं तेवढंच लिवते, किती वाजले, कुठं उभा होता, काय पाहिलं. त्यात तो कोणाची माय आणत नाही. माय आणते तो फक्त बोलणारा. हे कोणीतरी तुह्यासमोर बसून बोललं हाय. बोललं, अन् तू लिवून घेतलं."

योगिनीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून रडूच आलं. पार लहानपणी फटाका फोडून शेजारच्यांची गोधडी जाळली होती तेव्हा रडली होती तशी. मग तिने सगळं सांगितलं. भोंगा, शुक्रवार, साडी, सव्विसावा दिवस, टोपी मांडीवर घेऊन बसलेला मॉसी. आणि आजचं कँटीन. तिचा नवरा हर्षवर्धन मध्येच ऑफिसातून आला होता, तो बूट हातात घेऊन दारातच उभा राहून ऐकत होता.

सुभाषराव रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मूर्तिजापूरले होतो तवा एक नंदलाल नावाचा गडी होता. मोटार चोरली म्हून आणला. साहेबानं सांगतलं, लिव, म्या लिवलं. वाचून दाखवलं ते असं भरभर, गाडी सुटल्यावानी. 'माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' म्हून अंगठा घेतला. दीड वर्षं आत होता. मोटार मंग दुसऱ्याजवळ सापडली. सुटून आला तवा म्या एकदा तरी जावं त्याच्याकडं, नाही का? नाही गेलो. त्याच्या घरापुढून सायकल चालवाची पाळी आली का मान खाली घालत होतो. दोन हजार सातले मेला तो." त्यांनी चष्मा पुसला. "तुह्या माणसाले जित्तेपणी गाठ, माय."

आता हर्षवर्धन बोलला. माणूस वाईट नाही, पण घाबरला होता. "योगिनी, एक मिनिट. हे कारखान्यात कळलं तर नोकरी जाईलच, पुढे या लाईनमध्ये कुणी उभं करणार नाही तुला. खोटी नोंद आहे ती. आणि तो तसाही रिटायर होतोय ना? त्याला निवांतपणा मिळेल. कशाला उकरून काढतेस?"

"त्याला वाटतंय त्याला वेड लागतंय, हर्ष."

"मग त्याला सांग की डॉक्टरला दाखव. डॉक्टर सांगेल, काही नाही म्हणून."

"कान चांगले आहेत असं डॉक्टरने सांगितलं, त्यावरूनच तो ठरवून बसलाय की डोकं गेलं."

हर्षवर्धनने बूट खाली ठेवले आणि तो आत गेला. जावयाच्या घरात सासऱ्याने किती बोलावं, म्हणून सुभाषराव एवढंच म्हणाले, "आधी त्या माणसाले सांग. साहेबाले मंग. पहिलं त्याचं हाय."

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती सरळ मॉसीच्या घराकडे निघाली. लहिंच गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, एनिसबाहेर, पांढरं बुटकं घर. सप्टेंबरचं ऊन अजून अंगणात होतं. वाटेत तिने गाडीत वाक्यं जुळवून पाहिली. "यंत्रणेत एक त्रुटी आढळली आहे." "तपासात काही बाबी राहून गेल्या." प्रत्येक वाक्यातून ती स्वतः बरोबर निसटून जात होती, नऊ वर्षांची सवय! दोनदा तिने गाडी बाजूला घेतली. एकदा परत वळवायलाही घेतली होती, पण मागून ट्रॅक्टर आला आणि वळता येईना.

दार मॉसीच्या बायकोने उघडलं. नूला, शाळेत शिक्षिका होती. "योगिनी! ये, ये. तो आत आहे." आणि तिने किटली लावली, कारण त्या देशात आधी किटली लागते, मग येण्याचं कारण विचारतात.

मॉसी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता. योगिनी समोर बसली. नूला चहा ठेवून बाहेरच्या खोलीत गेली; योगिनीने त्याला हात लावला नाही. आणि मग ती एका दमात बोलली, आपल्या माणसांत सांगावं तसं.

"मॉसी, भोंगा वाजलाच नव्हता. तो बंद होता, नोव्हेंबरपासून. तो खोलीत जाऊन तपासायचं काम माझं होतं. मी न जाता सही केली. तुझा अहवाल बंद करायच्या आधी मला ते कळलं होतं. मी लपवलं आणि तुझ्यावर ढकललं. तू काहीही विसरला नव्हतास. ऐकायला काही नव्हतंच."

मॉसीने विचारलं, ते एखाद्या मेकॅनिकसारखं, अगदी हळू: "पडद्यावर लाल झालं, पण खोलीत आवाज नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मी पंपाशी उभा होतो," तो म्हणाला. "दोन नंबरच्या. पाठ पडद्याकडे." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग एकदम सुटल्या. "त्याचं सील कुरकुरत होतं! मी ते ऐकत होतो. मी भलतीकडे नव्हतो, मी पंप ऐकत होतो! मला आठवतंय, योगिनी. सगळं आठवतंय मला." तो उठून उभा राहिला. "नूला! इकडे ये. ये इकडे. योगिनी, परत सांग. तिला सांग."

आणि योगिनीला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा निदान धाडस तरी होतं. दुसऱ्यांदा नुसती लाज होती. तरी तिने एकही शब्द गाळला नाही. बंद होता, माझं काम होतं, सही केली, लपवलं, ढकललं.

नूला हातात कापड घेऊन ऐकत होती. तिने एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये," नूला म्हणाली. "एप्रिलमध्ये त्याने गाडीच्या किल्ल्या मला देऊन टाकल्या. जूनमध्ये लेकीला सांगितलं, की बाळाला माझ्याजवळ एकट्याला ठेवू नकोस. रोज सकाळी, अंथरुणात, डोळे उघडायच्या आधी, हा मला आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवतो. रविवार, शनिवार, शुक्रवार. चुकलो का विचारतो. मी नाही म्हणते. मग उठतो." तिचा आवाज चढला नाही. "सहा महिने, योगिनी. तू त्याला रोज कँटीनमध्ये बघत होतीस."

माफ करा म्हणायचीही योगिनीला सोय वाटेना. "उद्या सकाळी आठ वाजता मी हे कारखान्यात लेखी देतेय," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या नावानिशी. तुझं काम तुला परत मिळालं पाहिजे म्हणून लिहीन. माझं जे व्हायचं ते होईल." आणि मग, कारण एवढं सांगितलं तर तेवढंच कशाला ठेवायचं, "आणि तू तुझ्या आईचं बोललास ते मी माझ्या गोष्टीत वापरलं. जपानच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

हे मॉसीच्या डोक्यात शिरलंच नाही. त्याला जपानशी काय देणंघेणं! तो टेबलाला वळसा घालून आला. योगिनी उठून उभी राहिली. तिला वाटलं, आता बोलेल. आता शिव्या देईल, निघ म्हणेल. त्यासाठीच तर ती आली होती, ते तिच्या वाट्याचं होतं, आणि ते मिळालं असतं तर तिला श्वास घेता आला असता.

मॉसीने तिचे दोन्ही हात आपल्या जाडजूड हातांत धरले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, बरं झालेल्या माणसासारखा.

"थँक यू," तो म्हणाला. "देव तुझं भलं करो, डॉक्टर. थँक यू. तुला नाही कळायचं तू काय दिलंस मला."

"मॉसी, नको," ती म्हणाली. "असं नको ना म्हणूस." पण तो म्हणतच राहिला. पुन्हा पुन्हा आभार मानत राहिला, जे त्याचंच होतं ते सहा महिन्यांनी परत आणून दिल्याबद्दल, आणि तिला हात सोडवून घेता येईना.

शेवटी नूलाने पुढे होऊन दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. तिने आभार मानले नाहीत, बायसुद्धा म्हटलं नाही. योगिनी तिच्यासमोरून मान खाली घालून बाहेर पडली, आणि त्या घरात तिला सोसवला असा नूलाचा तो राग एकच होता.